मलिद्याचा पेला

१

पेला जागेवर नव्हता.

पांढरी चादर तशीच अंथरलेली होती. चादरीवर तबक होतं, तबकात मलिदा होता, म्हणजे साखर, ओलं खोबरं आणि वेलची घालून कालवलेले पोहे, आणि वर मांडलेली फळं. तबकाच्या उजव्या अंगाला मघाशी हन्नाआजीचा चांदीचा पेला होता. आता तिथे चादरीवर सरबताचा ओलसर गोल तेवढा उरला होता.

मी तो गोल बघितला आणि शेजारी बसलेल्या आमच्या फौजदारांना कोपर मारलं. त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. पोलिसात जन्म घालवलेल्या माणसाला बायकोने आधी बघितलेलं चालत नाही.

चौसष्ट सालच्या माघातली ही गोष्ट. जागा म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत, सॉलोमन तेल्याचं घर. ही मंडळी बेने इस्रायल. कोकणात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्यातले बहुतेक एव्हाना इस्रायलला निघून गेले होते, आणि परवा सकाळच्या एसटीने सॉलोमन, त्याची बायको लीया आणि आई हन्नाआजी हेही मुंबईला बोटीसाठी निघणार होते. जाण्याआधी देवाचे आभार मानायचे म्हणून हा मलिदा घातला होता. आम्ही दोघं त्यासाठी पेणहून आलो होतो, येताना पोह्याचे पापड घेऊन.

मला तर यायलाच हवं होतं. आमचे फौजदार रोह्याला नेमणुकीवर असताना मला विषमज्वर झाला होता. सासरमाहेरचं कुणी जवळ नाही, आणि हे बंदोबस्तावर. तेव्हा हन्नाआजी रोज पूल ओलांडून यायची, माझं अंग पुसायची, पेज भरवायची. मी आज जिवंत आहे ती त्या बाईमुळे, आणि हे मी कुणालाही कधीही सांगते.

तर झालं ते असं. ओटीवर भिंतीला पाठ लावून हासाजी मास्तर बसले होते. पेणला शिक्षक होते, आता घरीच असत, आणि आसपास प्रार्थना सांगणारं जुनं माणूस तेवढंच उरलं होतं. त्यांच्या खांद्यावर प्रार्थनेची मोठी पांढरी शाल, पुढ्यात तबक आणि पेला. आम्ही बाकीचे त्यांच्याकडे, म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मनुकांचं सरबत सगळ्यांच्या ओठाला लागलं, आणि रिकामा पेला मास्तरांनी परत तबकाशेजारी ठेवला. मग एक ओळ येते, ती म्हणताना त्यांच्यात उजव्या हाताने डोळे झाकतात. त्यांनी झाकले म्हणून आम्ही पाहुण्यांनीही झाकले. हात खाली घेतले मात्र, आणि समोरच्या भिंतीवर लखकन उजेड उडाला.

लाह्या फुटाव्यात तसे उजेडाचे ठिपके मास्तरांच्या डोक्यावरून सरसरत वर गेले, कौलांपर्यंत पोचले आणि विझले.

एलियाहू हानबी हा त्यांचा संदेष्टा. तो अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला आणि जाता जाता आपल्या कोकणात उतरला होता अशी त्यांची श्रद्धा. मलिदा त्याच्याच नावाने घालतात. त्याचं नाव तोंडात आणि अंधाऱ्या ओटीवर असा उजेड! लीयाने हात जोडले. सॉलोमनने मान खाली घातली ती वर करेना. हन्नाआजीने वर पाहिलं, मग पेल्याच्या जागेकडे पाहिलं.

"आला गो, आला!" आजी माझा हात धरून रडत होती आणि हसत होती. "एलियाहू हानबी आला! माझा पेला घेऊन गेला! माझं आभार पोचलं गो गिरजे!"

माझ्या अंगावर काटा आला. मास्तर तर पांढरेफटक पडले. अशा वेळी कुणाचा चेहरा जागेवर राहतो म्हणा! त्यांनी शाल गुंडाळून पिशवीत कोंबली, "गाडी चुकंल" असं काहीतरी पुटपुटले आणि मलिद्याचा घासही न घेता निघाले.

मास्तर पुलापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला.

"देव पेले नेत नाय, आजी. माणसं नेतात."

२

खुर्चीत पुंडलिकशेट होते. रोह्याच्या बाजारपेठेत त्यांचं किराण्याचं दुकान. सॉलोमनचं घर त्यांनीच विकत घेतलेलं. गुडघे धरलेले, म्हणून सगळे खाली आणि हे एकटे खुर्चीत. त्यांना बसवायला दोन माणसं लागायची आणि उठवायला तीन.

"सगळ्यांनी वर बघितलं," ते म्हणाले. "मीबी बघितलं. एकच माणूस बघत नव्हता. मोरूनं तोंड फिरवलेलं."

सगळ्यांच्या माना ओटीच्या पायरीकडे वळल्या. तिथे मोरू बसला होता. लहानपणापासून या घरच्या घाण्यावर राबलेला माणूस. त्या सकाळी त्याने सॉलोमनच्या नावाची शेवटची घाणी काढली होती आणि ताज्या तिळाच्या तेलाने मलिद्याचा दिवा लावून तो तसाच पायरीवर टेकला होता. उद्यापासून घाणा आणि बैल त्याचे व्हायचे होते. सॉलोमनने तसा शब्द दिला होता, एक पैसा न घेता. "यानं आमचं घर चालवलं," एवढंच तो म्हणायचा. असा कृतज्ञ नवरा मिळावा म्हणून बायका देवाला साकडं घालतील.

पुंडलिकशेटना मात्र घरासोबत घाण्याची जागाही हवी होती. हे सगळ्या अष्टमीला ठाऊक होतं.

"झडती घ्या त्याच्या घराची," ते म्हणाले.

आमचे फौजदार त्या वेळी अंगणात उतरून आभाळाकडे बघत उभे होते. त्यांना वळून काही म्हणायची फुरसत मिळाली नाही. पुंडलिकशेटची दोन माणसं परसातल्या मोरूच्या झोपडीत शिरलीसुद्धा. मी मागे धावले. गाडगी उपडी केली, तांदळाचं मडकं रिकामं केलं, अंथरूण झटकलं. मोरूची बायको हौसा दाराच्या बाहेर उभी होती. शेजारपाजार गोळा झालेला. ती डोक्यावरचा पदर खाली खाली ओढत राहिली.

पेला सापडला नाही. पण आळ काही पेल्याबरोबर हरवत नाही.

"पेला नाय तर नाय," पुंडलिकशेट सॉलोमनला म्हणाले. "पण चोराच्या हाती घाणा देऊन जाणार तू? गाव काय म्हणंल?"

सॉलोमन हन्नाआजीकडे बघू लागला. आजी भिंतीकडे बघत होती, जिथून उजेड गेला होता. तिच्या चेहऱ्यावर अजून तोच आनंद होता आणि ती बोलली नाही.

"फौजदार," सॉलोमन शेवटी म्हणाला, "परवा सकाळी आमची गाडी. तोवर पेला मिळाला तर ठीक. नायतर घाणा मला पुंडलिकशेटला द्यावा लागंल. मोरूला बघून मला रडू येतंय, पण माझा इलाज नाय."

"मिळेल," आमचे फौजदार म्हणाले.

ही त्यांची जुनी खोड. आधी शब्द द्यायचा, मग रात्रभर घोरायच्या ऐवजी कुशी बदलायच्या आणि मला जागं ठेवायचं.

३

मला मात्र चोर सापडला होता, आणि मी तो गुमान पोटात ठेवणारी बाई नाही.

"पुंडलिकशेट," मी म्हटलं, "तुम्ही वर उजेडाकडे बघत होतात ना? मग मोरूने तोंड फिरवलेलं तुम्हाला दिसलं कसं? डोळे काय डोक्याच्या मागे आहेत?"

लीयाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. पुंडलिकशेट लालबुंद झाले. मी जिंकल्यासारखी फौजदारांकडे वळले, तर ते मिशीत हसत होते.

"शेट, सांगा तिला," ते म्हणाले.

"बघितलं की वर! कवडसा होता. कवडशाकडं कितीक वेळ बघणार? वर बघितलं, खाली बघितलं."

"बरोबर," फौजदार मला म्हणाले. "एकदम काही चमकलं की डोळा जातोच, तुझा, माझा, मांजराचासुद्धा. तो कुणाच्या हातात नाही. पण तो तिथे थांबतो किती, ते मनात काय आहे त्यावर. शेटच्या मनात एलियाहू नाही, म्हणून त्यांचा डोळा लगेच परत आला. या घरच्यांच्या मनात तोच होता, म्हणून यांचे डोळे कौलाला चिकटून राहिले. आणि शेटना खुर्चीतून उठून पेल्यापर्यंत जायचं तर तीन माणसं लागतात. ती तीन माणसं तुला दिसली?"

मी गप्प बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गप्प बसायचं अजून जमत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग त्यांनी एकेकाला विचारलं, "आधी काय झालं? अगदी आधी?" सॉलोमन म्हणाला, उजेड. लीया म्हणाली, उजेड. आजी म्हणाली, "एलियाहू!" मीही उजेडच म्हटलं.

"हेच तर!" ते वैतागले. "लखकन झालं की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. पाटी धुतल्यासारखं. मला असं माणूस हवंय, ज्याने उजेड बघितलाच नाही."

असा एकच माणूस होता, आणि गाव त्याला चोर म्हणत होतं.

४

मोरू घाण्यापाशी बसला होता. हात तेलाने चकाकत होते, धुवायचंही सुचलं नव्हतं. फौजदारांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मलिद्याच्या वेळी असेच होते?"

"व्हय. दिवा लावला आनी टेकलो."

"गिरजे, चादर बघ जाऊन."

मी ओटीवर जाऊन चादर चारी बाजूंनी पाहिली. सरबताचा गोल सोडला तर एक डाग नव्हता. ओटीच्या खांबावर मात्र मोरू टेकला होता तिथे तेलाचा पंजा उमटलेला. हे हात चादरीवरून पेल्यापर्यंत गेले असते तर चादरीने सांगितलं असतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बसले. पुंडलिकशेटना हे ऐकवलं, तर म्हणाले, "हात पुसता येतात." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

परत आले तेव्हा फौजदार मोरूला विचारत होते, "तू तोंड का फिरवलंस?"

"घंटा वाजली."

"कुठली?"

"बैलाच्या गळ्यातली. घाण्याच्या माणसाचा कान तिकडंच असतो, फौजदार. घंटा थांबली तर बैल थांबला, वाजली तर चालला. बैल तर बांधलेला, मग घंटा कशी वाजली म्हणून वळून बघितलं. त्यानं मान उडवलेली."

"आणि त्याच्या कपाळावर काय होतं?"

मोरू खाली बघू लागला. मग हळूच म्हणाला, "बाशिंग. आरशाचं. सॉलोमनशेटची शेवटची घाणी म्हणून नटवलेला त्याला."

मी तोंडावर हात ठेवला. अंगणात, उन्हात, ओटीकडे तोंड करून बांधलेला बैल, त्याच्या कपाळावर बारीक आरशांचं बाशिंग. एलियाहूचा उजेड तो!

"मग बोलला का नाहीस?" फौजदार जवळजवळ ओरडले. "तुझ्या घराची झडती झाली, तू तोंड का फिरवलंस ते एका वाक्यात सांगता आलं असतं!"

"आजी रडत होती," मोरू म्हणाला. "आनंदानं. आयुष्यभर देवाचं नाव घेतलं, जायच्या वख्ती देव आला असं तिला वाटलं. त्यात मी सांगू, की आजी, तो बैल हाय?" त्याने हात जोडले. "तुमीबी सांगू नका."

फौजदार उठून चार पावलं गेले आणि नाक शिंकरून आले. उन्हाने डोळे चुरचुरतात, म्हणाले. आम्ही सावलीत होतो.

"बरं, हे सांग," ते परतल्यावर म्हणाले. "तुझा बैल असा मान उडवणारा आहे?"

"नाय हो. म्हातारा हाय, गरीब. पण घाण्याचा बैल. त्याच्या डोळ्यांवर जन्मभर झापड. नायतर गरगरून त्याला भोवळ येते, इकडंतिकडं बघत थांबतो. आज मी म्हटलं, शेवटची घाणी झाली, आता जरा जग बघू दे, म्हणून झापड काढलेली. त्याला बघायची सवय नाय. एकदम कायतरी हाललं असंल."

"काय हाललं असेल?"

"ते मला काय ठावं? माझेबी डोळे झाकलेले."

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"गिरजे, आपण सगळे उलटं धरून बसलोय. उजेडाने चोरी झाकली असं नाही. पेला आधीच, आपले डोळे झाकलेले असताना गेला होता, आणि ते हालणं बघून बैल बुजला."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पुन्हा त्याच जागी आल्यावर, बैलाला तिथेच बांधलं. झापड काढली, बाशिंग घातलं. फौजदारांनी मला ओटीवर माझ्या जागी बसवलं. हन्नाआजीला लीया बाजारात घेऊन गेली होती, ते त्यांनी मुद्दाम जमवलेलं. पुंडलिकशेट मात्र खुर्चीसकट हजर होते.

"काय तमाशा हाय?" ते म्हणाले.

"बघा."

बैल रवंथ करत उभा राहिला. एक कावळा त्याच्या तोंडासमोरून गेला, बैल ढिम्म. मोरू अंगणातून चालत गेला, ढिम्म. सॉलोमन ओटीवर उठला, बसला, वाकून तबकाच्या जागेला हात लावून आला. बैलाने शेपटीने माशी मारली, एवढंच.

मग फौजदारांनी ओटीवरची पांढरी चादर उचलली आणि मास्तरांच्या जागी बसून एकदम झटकून आपल्या अंगावर ओढून घेतली.

घंटा खणखणली. भिंतीवर लखकन ठिपके उडाले आणि सरसरत कौलांपर्यंत गेले. मला माहीत होतं, मी वाट बघत होते, तरी माझे डोळे त्यांच्या मागे गेलेच.

"खाली बघ," फौजदार म्हणाले.

त्यांच्यासमोर मी माझा पितळी तांब्या ठेवला होता. तो नव्हता. चादरीखाली होता.

 ओटीवर काल पांढरं, मोठं, उडणारं असं एकच वस्त्र होतं. ते ज्यांच्या खांद्यावर होतं त्यांच्या बाबतीत शंका घ्यायची आमची कुणाची जीभ धजली नसती. मास्तर शाल नीट करतात ते आम्ही कितीदा बघितलेलं. रोजचं हालणं माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, जन्मात पहिल्यांदा बघणाऱ्या बैलाला दिसलं.

आणि मला एकेक आठवू लागलं. मास्तर ती शाल घडी घालून कपाळाला लावल्याशिवाय ठेवत नसत. काल त्यांनी ती गुंडाळून कोंबली होती. मलिद्याचा घास न घेता कुणी उठत नाही. मास्तर उठले होते.

"हासाजीमामा?" सॉलोमन खाली बसला. "मामांनी माझ्या सुंतेला प्रार्थना म्हटलेली. ते चोरी करतील?"

"चोरी झाली असं मी कुठे म्हटलं?" फौजदार चपला घालत म्हणाले. "पेणची गाडी किती वाजता आहे?"

६

नागोठणं गेलं, गडब गेलं, तरी फौजदार खिडकीबाहेरच बघत होते. पेणला उतरलो तो थेट मास्तरांच्या घरी. दार उघडंच होतं. मास्तर झोपाळ्यावर बसले होते. आमच्या फौजदारांना बघताच उभे राहिले.

"हैबतराव, तुमी आलात? बरं झालं. मला कालपासून अन्न गोड लागत नाय."

"पेला?"

"कान्हू सोनाराकडं. या, दाखवतो."

चालता चालता ते सांगत होते. सॉलोमनचं घर निघून गेल्यावर रोह्यात त्यांच्यातलं कुणीच उरणार नव्हतं. मास्तरांना वाटलं, या पेल्यावर आपल्या मुलखाची एखादी खूण असावी, म्हणजे तिकडे जन्मणाऱ्या पोरांना कळेल आपली माणसं कुठली होती. पेल्यावर घाणा कोरून घ्यायचा आणि गुरुवारी त्यांची एसटी पेणच्या स्टँडवर थांबली की खिडकीतून आजीच्या हातात द्यायचा. मागून घ्यावा तर लीया विचारणार कशाला, मग गंमत काय राहिली? आणि मलिदा झाला की पेला पेटीत जाऊन पेटीला खिळे बसणार होते. म्हणून सगळ्यांचे डोळे झाकलेले असताना शालीखाली घेतला. सासूला वाटेल सुनेने ठेवला, सुनेला वाटेल सासूने.

"आणि मग तो उजेड," मास्तर म्हणाले. "मला तर दिसलापण नाय, माझ्या पाठीमागं होता. हन्ना ओरडली, एलियाहू पेला घेऊन गेला! तिचं तोंड बघितलंत तुमी? त्या तोंडापुढं शालीतून पेला कसा काढू मी? पळून आलो. म्हटलं, पोस्टानं पाठवू, काय करू, देव जाणे."

"मोरूवर आळ आलाय, मास्तर," मी म्हटलं. "घराची झडती झाली. हौसाची गाडगी रस्त्यावर आली."

मास्तर भर बाजारात थांबले. मी त्या माणसाला कधी असं बघितलं नव्हतं. तिथूनच ते स्टँडच्या दिशेने वळले.

"मोरूवर? सकाळची पहिली गाडी कधी सुटते?"

७

गुरुवारी आम्ही अष्टमीत पोचलो तेव्हा पेट्या अंगणात आल्या होत्या आणि निरोप द्यायला गाव लोटलं होतं. पुंडलिकशेट खुर्चीत होतेच. मास्तरांनी कुणाकडे न बघता पेला हन्नाआजीच्या हातात ठेवला, आणि सगळ्यांसमोर, वर्गात बोलायचे त्या खणखणीत आवाजात, सगळं सांगितलं. शाल, बैल, बाशिंग, आणि आपण का पळालो ते.

मी आजीकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत होते. एवढ्या मोठ्या आनंदातून तिला असं खाली उतरवायला नको होतं. पण दुसरीकडे मोरू होता.

"आणि मोरूला उजेडाचं ठाऊक होतं," आमचे फौजदार म्हणाले. त्याने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितलं, आणि बरंच केलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो चोर ठरला पण बोलला नाही."

आजीने पेला उन्हाला धरला. कान्हू सोनाराने नाजूक काम केलं होतं: घाणा, त्याची लाकडी लाट, बैलामागे चालणारा माणूस. ती त्या माणसावरून बोट फिरवत राहिली. मग पेला तिने लीयाकडे दिला आणि पायऱ्या उतरू लागली.

"आई, गाडीची वेळ झाली," सॉलोमन म्हणाला.

आजी परसाकडे चालली. आम्ही सगळे मागे. मोरू आयुष्यभर तिच्या दारात आला होता. ती त्याच्या झोपडीच्या दारात आज पहिल्यांदा उभी राहिली. झडतीच्या दिवशी होता तोच शेजारपाजार आजूबाजूला होता.

"हौसा," आजीने हाक मारली. "बाहेर ये गो."

हौसा दारात आली. पदर तसाच खाली ओढलेला.

"मी म्हटलं, पेला एलियाहूनं नेला," आजी म्हणाली. आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मग हे लोक तुझ्या घरात शिरले तेवा मी आडवी का नाय झाले? देवानं नेला असं खरंच मानलं असतं, तर तुझ्या मडक्यात हात घालू दिला असता का कोणाला? मी गप बसले. म्हंजे माझा देवावर पुरा विश्वास नव्हता, आनी तुमच्यावरबी नव्हता. देवाला मी सांगेन काय ते. तुमचं कसं फेडू?"

ती वाकू लागली. मोरूने धावत येऊन तिचे खांदे धरले.

"आजी, नको! माझ्या आयेसारखी तू."

"म्हणून तर जास्त चुकलं रे."

पुंडलिकशेटना त्यांच्या माणसांनी खुर्चीतून उठवलं. मला वाटलं निघाले. तर ते लंगडत पुढे आले, हौसापुढे हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "घाणा मोरूचा. जागाबी त्याचीच. माझ्याच्यानं वाईट झालं, वैनी." त्यांना माफ करायला मला बराच वेळ लागला, पण त्या दिवशी अर्धं तरी केलं.

सगळे हौसाकडे बघत होते. तिने पदर हळूच मागे सारला. आजीकडे बघितलं, मग आत वळली आणि चुलीपाशी ठेवलेला पाट आणून दारात मांडला.

"बस गो आजी," ती म्हणाली. "चहा टाकते."

आजी पाटावर बसली. तिच्याशेजारी जमिनीवर मोरू, मग मास्तर, मग मी. सॉलोमनने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि तोही टेकला. आत फुंकणीचा आवाज येत होता. पुलाकडून एसटीचा हॉर्न वाजला, पुन्हा एकदा वाजला, आणि गाडी निघून गेली, पण आमच्यातलं कुणी उठलं नाही.